कवशीचे हात

पत्र माझंच आहे हे कळायच्या आधी मी त्यावर आवकचा शिक्का मारला होता, क्रमांक घातला होता आणि रजिस्टरातल्या 'विषय' या रकान्यापर्यंत पोचलो होतो. सकाळच्या टपालात चाळीस-पंचेचाळीस पाकिटं असतात. ती टेबलावर ओळीनं मांडायची, सुरीनं फोडायची, कागद बाहेर, टाचणी, शिक्का, क्रमांक. अकरा वर्षांत हातांना इतकी सवय झाली आहे की डोकं घरी ठेवून आलो तरी कचेरीला पत्ता लागत नाही. विषयाच्या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'कु. कौशल्या देवराव खंडारे, वय वर्षे आठ, हिचे नाव पटावरून कमी करणेबाबत', आणि खंडारे आपणच आहोत हे मला शाई वाळताना दिसलं. पत्ता मीच कचेरीचा दिला होता. आम्ही राहतो त्या कापसाच्या जिनाच्या चाळीत टपाल कोणाच्याही हातात पडतं. पण सरकारी रजिस्टरात एकदा घुसलेली गोष्ट बाहेर काढता येत नाही. हेडक्लार्क उत्तमराव नेहमीप्रमाणे मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, "खंडारे, हे कोन्या टेबलाचं?" मी म्हणालो, माझं. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "मंग तांबड्या शाईनं शेरा मारा. खाजगी पत्र, चुकीने नोंदले." मी मारला. त्यानंतरची बत्तीस पाकिटंही मी फोडली, आणि त्यात काय होतं ते आज विचारलं तर मला सांगता येणार नाही.

पत्र अमरावतीच्या शाळेचं होतं. मूक-बधिर मुलांची शाळा. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला, कवशीला, मी तिथे घातलं होतं. वसतिगृहात जागा मिळाली होती आणि सरकारी शिष्यवृत्तीही. ती नसती तर माझ्या पगारात तिथला भातही परवडला नसता. पत्रात असं होतं की सदर विद्यार्थिनी शाळेत व वसतिगृहात सर्रास हातवारे करते, घरीही हातवाऱ्यांनीच व्यवहार चालतो असे दिसते, या सवयीमुळे ती बोलण्याच्या शिक्षणास अपात्र ठरली आहे, सबब दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला परत आणू नये. हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत अपील. खाली सही आणि गोल शिक्का. मसुदा चांगला होता, हे सांगितलंच पाहिजे. असल्या मसुद्याला कुठे बोट शिरायला जागा नसते.

मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिकेनं, मला पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं. भिंतीला लांब आरसा, त्यापुढे स्टुलांवर बसलेली मुलं. बाई मुलाचा हात धरून आपल्या घशाला लावायच्या, मग त्याच्या घशाला. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायच्या आणि 'प' म्हणायच्या, पट्टी हलायची. "हात सोपे असतात हो," त्या म्हणाल्या होत्या. "एकदा हातांची चटक लागली की मूल तोंड उघडायचं कष्ट घेत नाही." मला ते मनापासून पटलं होतं. का पटलं तेही सांगतो. मी मॅट्रिक होऊन कचेरीत लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात साहेबांना म्हणालो होतो, "मले नाही मालूम साहेब." साहेब पुण्याकडचे होते. ते हसले नाहीत, पण त्यांच्या मागे उभे असलेले सगळे हसले. तेव्हापासून मी माझी जीभ घासूनपुसून काढली. मला, तुला, करीत आहे. आंघोळ करतानासुद्धा मी तसंच बोलायचो. वर्षभरात 'मले' गेलं, आणि एके दिवशी आईच म्हणाली, "देवराव, तू आता साहेबावानी बोलून राहिला, मले भेव वाटते." मला तेव्हा केवढा आनंद झाला होता. म्हणजे माणूस एक बोली टाकून दुसरी धरू शकतो, कष्ट मात्र हवेत, अशी माझी पक्की समजूत. कवशीला आपलं नाव सांगता यावं, दुकानात साखर मागता यावी, कोणी दुभाष्या लागू नये. नाहीतर तिच्यापुढे होतं काय? जिनात कापूस झाडणं. माझ्या आईनं तेच केलं, बायको तेच करते.

आणि या जिनातच सगळं मूळ आहे. रुईचं जीन चालू झालं की आत सरकी काढायची चाळीस यंत्रं, रेचे, एकदम फिरायला लागतात आणि माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. बाया दिवसभर त्या यंत्रांच्या तोंडात कापूस लावतात, आणि दिवसभर बोलतात. बाया बोलल्याशिवाय कशा राहतील? हातांनी बोलतात. हे कोणी शिकवलं नाही, माझ्या आजीच्या काळापासून चालत आलं आहे. मिशीला पीळ दिला की मुकादम येतोय. मूठ आवळून एकदम उघडली की यंत्र बंद पडलं. कानाची पाळी चिमटीत धरली की पोर रडतंय, जा. अंगठा दोन बोटांवरून फिरवला की माल स्वच्छ आला आहे, छान. त्यात सासवांच्या तक्रारी होतात, लग्नं जुळतात, थट्टा तर इतकी चालते की मुकादमाला आपल्यालाच हसताहेत असं वाटत राहतं, आणि ते बहुतेक खरंच असतं. कापसाच्या ढिगाकडेला झोपवलेलं मी असंच एक पोर होतो. कवशीही तशीच वाढली. यंत्रांच्या गडगडाटात ती गाढ झोपायची आणि पार्वताबाई, आमची शेजारीण, म्हणायची, "जिनातली पोट्टी हाय बापा, इले काय होते." आईनं हातानं विचारलं की ती हातानं सांगायची. दीड वर्षाची असताना 'पाणी' सांगायची, दोन वर्षांची असताना मुकादमाची नक्कल करायची. सगळी चाळ कौतुक करायची. ती ऐकत नाही हे कोणाच्या ध्यानात कसं येणार? छप्पन साली दीक्षेला आम्ही नागपूरला गेलो. मैदानावर लाखो माणसं एका सुरात बोलत होती, माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता, आणि माझ्या खांद्यावर कवशी तोंड उघडं टाकून झोपली होती. तेव्हा पहिल्यांदा मनात काहीतरी खुट्ट झालं. पण तो दिवस तसलं काही मनात येऊ देण्याचा नव्हता. मी ते ढकलून दिलं, आणि पुढची साडेतीन वर्षं ढकलत राहिलो.

अपील मी स्वतः लिहिलं. आयुष्यात इतका चांगला मसुदा माझ्या हातून झाला नाही. तीन रात्री खाडाखोड, मग पाच परिच्छेद, प्रत्येकाला क्रमांक. चौथ्या परिच्छेदात मी लिहिलं, 'अर्जदाराच्या घरी हातवाऱ्यांचा वापर केला जात नाही.' ते खोटं होतं. पण अर्ज लिहिताना माणसाला अशी एक गुंगी येते की आपण लिहिलं म्हणजे ते तसं होणार. सुनावणीची तारीख जानेवारीतली आली, सहा आठवडे हातात होते. मी ठरवलं की या सहा आठवड्यांत ते वाक्य खरं करायचं. पंचफुलेला, माझ्या बायकोला, बसवून सांगितलं, आजपासून घरात हात बंद. पार्वताबाईला सांगितलं, चाळीतल्या सगळ्यांना सांगितलं. पोरगी हातानं काही विचारेल तर उत्तर द्यायचं नाही. तिचं तोंड आपल्याकडे वळवायचं आणि ओठांनी सांगायचं, सावकाश. शाळेत सांगतात तसं.

"हात नाही हालवाचे तं मी लेकराशी बोलू कशी?" पंचफुला म्हणाली.

"तोंडानं."

"तिले आयकू येते काय तोंड?"

"ओठ दिसतात. दिसू लागतील. तू एकदा सवय तर लाव."

तिनं वाद घातला नाही. माझ्याशी ती कधी वाद घालत नाही, माझ्या भाषेमुळे तिला मी थोडा परका वाटत असेन. ती हातात सतत काहीतरी धरून बसू लागली. सूप, लाटणं, लुगड्याचा पदर. जिनातून आली की हात पदरात गुंडाळून चुलीपुढे बसायची, आणि कवशी समोर बसून विचारत राहायची. पहिले चार दिवस तिला तो खेळ वाटला. नंतर ती आईचे हात पदरातून ओढून काढून पाहायला लागली, उलटेसुलटे करून, कुठे लागलंय का म्हणून. मग मी मधे पडायचो, तिची हनुवटी धरून म्हणायचो, "कवशी, पाणी. पा-णी." ती माझ्या ओठांकडे टक लावून पाहायची आणि हातानं म्हणायची, तहान नाही. मला बघून न बघितल्यासारखं करायचं असे. तिच्या भाषेत माझं नाव म्हणजे तळहातावर मूठ आपटणं, शिक्का मारल्यासारखं. ती दिवसातून शंभरदा तो शिक्का मारायची आणि मी खिडकीबाहेर पाहायचो. एकदा पंचफुला म्हणाली, "थे इचारून राहिली का आई, तू रागावली काय. अन् मी नुसती कवशी, कवशी करून राहिली. मले खुनी असल्यावानी वाटते वो." मी म्हणालो, थोडे दिवस. पाचव्या आठवड्यात कवशीनं विचारणं सोडलं. मला वाटलं, जमलं. देवाशपथ म्हणायची आमच्यात आता सोय नाही, पण खरंच सांगतो, मला वाटलं जमलं. तोपर्यंत तिला ओठांवरून 'पाणी', 'भाकर', 'फूल' कळायला लागलं होतं. मी तर मनात तिचं शाळेचं पत्र्याचं पेटारंसुद्धा भरून ठेवलं होतं.

सुनावणीला मी पंचफुलेला नेलं नाही. हंगाम जोरात आहे, रजा मिळणार नाही, असं तिला सांगितलं. खरं म्हणजे मला तिच्या हातांचा भरवसा नव्हता. सकाळच्या एस. टी.नं आम्ही दोघं अकोल्याहून निघालो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मी तिला केळं घेऊन दिलं आणि ओठांनी म्हणालो, "केळं." ती म्हणाली, "अं." तिचा आवाज जाड आहे, नाकातून येतो, गाडीतल्या माणसांनी वळून पाहिलं. नेहमी मला अशा वेळी लाज वाटते. त्या दिवशी नाही वाटली.

खोलीत टेबलामागे शिक्षण खात्याचे साहेब, बाजूला मोठ्या बाई. साहेब माझ्या अपेक्षेपेक्षा तरुण होते आणि त्यांनी मला बसायला सांगितलं. माझा अर्ज त्यांच्यापुढे होता, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या, म्हणजे वाचलेला होता. मी इतक्या सुनावण्यांचे कागद पाहिले आहेत की न वाचलेला कागद मला दुरून ओळखता येतो. चौथ्या परिच्छेदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे खरं आहे?" आता ते खरं होतं. मी म्हणालो, हो साहेब. बाईंनी टेबलावर पाच वस्तू मांडल्या. पेला, फूल, चेंडू, कंगवा, चमचा. आपले हात मागे बांधले आणि ओठ हलवले. कवशीनं फूल उचललं. मग पेला. चमच्याला चुकली, कंगव्याला चुकली, आणि चेंडू बरोबर उचलला. पाचांत तीन. बाई म्हणाल्या, "दिवाळीपूर्वी एकही येत नव्हतं." त्यांना आनंद झाला होता हे मी शपथेवर सांगेन. साहेब मला म्हणाले, "तुम्ही मेहनत घेतलेली दिसते. मुलीला जरा बाहेर बसवा, आपण बोलू." माझ्या छातीत इतकं भरून आलं की मला पुढचं ऐकूच आलं नाही. मी तिच्याकडे वळलो, म्हणालो, "बाहेर बस." तिला ते कळलं नाही. ती घाबरून माझ्याकडे पाहत होती, आपलं काही चुकलं का म्हणून. आणि माझा उजवा हात गुडघ्यापाशी होता, त्याचा अंगठा दोन बोटांवरून फिरला. छान. माल स्वच्छ आला. मी तो फिरवला नाही, तो फिरला.

मग ती सुटली. सहा आठवड्यांचं सगळं तिच्या हातांत आलं. दोन्ही हात, कोपर, भुवया, खांदे. तिनं मूठ आवळून उघडली, पुन्हा आवळून उघडली, तुम्ही सगळे बंद का पडलात? आईचे हात दुखतात का? मी पाहिले, भाजलेले नाहीत. पार्वताबाईची शेळी कुठे गेली, मी सगळ्यांना विचारलं, कोणी सांगत नाही, शेळी मेली का? मी रोज घशाला हात लावून पाहते, आत काहीतरी हलतं, पण ते काय म्हणतं ते मला कळत नाही. तुला कळतं का? मी शिक्का मारते तेव्हा तू बाहेर का पाहतोस? तिथे कोण आहे? मी काय केलं? मग तिनं मुकादमासारखी मिशी पिळली आणि साहेबांकडे बोट केलं, हा तुला रागावतो म्हणून तू बोलत नाहीस का? मला हसू आलं. आठ वर्षांच्या पोरीनं इतकं लांब, इतकं स्वच्छ बोललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खोलीत ते समजणारा मी एकटा होतो. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

साहेब पुढे वाकून पाहत होते. त्यांनी विचारलं, "काय सांगते आहे ती?"

विचारण्यात खोच नव्हती. आता मला ते कळतं. तेव्हा मला फक्त चौथा परिच्छेद दिसत होता. मी म्हणालो, "काही नाही, साहेब. उगीच हात हलवते."

"उगीच? म्हणजे याला काही अर्थ नाही?"

"काही नाही."

"तुम्हाला यातलं काही समजत नाही?"

"नाही साहेब."

त्यांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी मान खाली घातली. साहेब लिहू लागले. टपालाच्या कारकुनाला उलटा कागद वाचता येतो. त्यांनी लिहिलं, मुलीचे हातवारेही निरर्थक असल्याचे खुद्द पालक सांगतात. बुद्धीची वाढ संशयास्पद. शाळा हिच्या उपयोगाची नाही, जागा दुसऱ्या मुलास द्यावी. अपील फेटाळण्यात येत आहे. मग पेनाचं टोपण लावून ते हळू आवाजात मला म्हणाले, "वाईट वाटतं हो. क्षणभर मला वाटलं, पोरगी काहीतरी फार महत्त्वाचं सांगते आहे. तसं असतं तर आणखी एक वर्ष ठेवून पाहा, असंच मी लिहिणार होतो." मी तोंड उघडलं. आता 'कळतं' म्हणावं तर आत्ताचं खोटं उघडं पडणार, अर्जातलं खोटं, आणि खोटा अर्ज करणारा सरकारी नोकर. माझ्या डोक्यात त्याचाही मसुदा तयार झाला, क्रमांक घालून. मी म्हणालो, "बरं साहेब," आणि उभा राहिलो. कवशीचे हात तेव्हा खाली आलेले होते. ती माझ्या ओठांकडे पाहत होती, शिकवलं होतं तशी, टक लावून. किती वेळ पाहत होती कोण जाणे.

परतीच्या गाडीत मी तिच्याशी बोललो. हातांनी, भर गाडीत, लोक माना वळवून बघत असताना. मी तिला सांगितलं की शेळी विकली, मेली नाही. आईचे हात चांगले आहेत. तू काही केलं नाहीस, मी केलं. आता पुन्हा सगळे बोलतील, आज संध्याकाळपासून. माझी बोटं आखडली होती, लहानपणी मला याहून चांगलं यायचं. ती माझ्या हातांकडे पाहीना. मी हात तिच्या डोळ्यांपुढे नेले तर तिनं मान जरा बाजूला केली आणि त्यांच्यापलीकडून माझं तोंड पाहत राहिली. आपले हात तिनं झग्याखाली घेतले होते. मी तिचा एक हात ओढून माझ्या तळहातावर तिची मूठ आपटली, माझं नाव. मूठ सैल होती. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. बाहेर तुरी पिवळ्या झाल्या होत्या.

अकोल्याला उतरून जिनापाशी पोचलो तेव्हा भोंगा होत होता. फाटकातून बाया बाहेर पडत होत्या, केसांवर रुई बसलेल्या, सगळ्या एकदम म्हाताऱ्या झाल्यासारख्या. पंचफुलेनं आम्हाला दुरून पाहिलं आणि तिचे हात वर गेले. दिवसभर यंत्रावर होते, घरातला नियम त्यांच्या लक्षात नव्हता. काय झालं, तिनं विचारलं. मला नाही, लेकीला. कवशीनं हात पाठीमागे नेले, आरशापुढे बसवतात तशी ताठ उभी राहिली आणि आईकडे पाहून तोंडानं म्हणाली, "काई नाई."

जाड आवाज, नाकातला, पण अक्षर अन् अक्षर कळलं. पंचफुला जागच्या जागी थांबली. मग ती ओरडली नाही, तिनं फक्त पार्वताबाईचा दंड धरला. "आयकलं काय तुमी? बोलली. माही कवशी बोलली." बाया भोवती जमल्या. कोणी हातानं विचारलं, भाकर खाल्ली का. कोणी विचारलं, अमरावतीत काय पाहिलं. कोणी, साहेब कसा होता. ती प्रत्येकीच्या तोंडाकडे बघायची आणि प्रत्येकीला तेच सांगायची, हात मागे ठेवून. काई नाई. काई नाई. बाया हसत होत्या, डोळे पुसत होत्या, एकीनं तिच्यावरून बोटं मोडली. पंचफुलेनं तिला उचलून घेतलं, आठ वर्षांच्या थोराड पोरीला, आणि माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर रुई आणि घाम आणि असा आनंद होता की मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

"कोनं शिकवलं वो इले?" तिनं विचारलं. "बाईनं?"

"नाही," मी म्हणालो. "म्या शिकवलं."